कर खरेदीवर गेला तर सालदाराचं काय?

वर एका भाऊंनी लिहिलंय की आयकर बंद करा, सगळा कर विक्रीवर लावा, म्हणजे चोरीच थांबेल. मला हे पटत नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले, कापूसवाले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीच. पण परवा कपाशीवर फवारायला औषध आणलं, त्या बिलावर १८ टक्के जीएसटी. व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्याच्या पुढच्या करातून वजा होतो; आम्हाला कुठलं? आता आयकराची तूटही खरेदीवरूनच भरून काढायची तर हा आकडा कुठे जाईल?

आमच्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, वर्षाची मजुरी किराणा, कपडे, लग्नकार्य यातच संपते. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी कमाई कराखाली. ५० लाख कमावून ३० लाख बाजूला टाकणाऱ्याचे ते ३० लाख मात्र मोकळे. हा न्याय कसा?

भाऊंनी अमेरिकेतल्या ‘फेअर टॅक्स’चा, म्हणजे आयकर काढून विक्रीवर २३ टक्के कर लावायच्या प्रस्तावाचा, दाखला दिलाय. पण ते २३ टक्के करासकट किमतीवर मोजलेले आहेत. १०० च्या वस्तूवर ३० चढतात, १३० द्यावे लागतात. शिवाय गरजेपुरत्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परत देण्याची तरतूद त्या प्रस्तावातच आहे. ती गाळून दाखला देऊ नका.

आणि चोरी? आज १८ टक्क्यांतच दुकानदार विचारतो, “पक्कं बिल करू का कच्चं?” ३० झाल्यावर पक्कं कोण मागेल?