नोकरीच्या जाहिरातींचा इंटरॅक्टिव्ह नकाशा: कुठलाही पेशा निवडला तरी तीच शहरं गडद

सारणीवाला
ब्राउझरमध्ये चालणारा नकाशा करतोय. ३६ महिने, सुमारे १२ लाख जाहिराती, ६०० जिल्हे. पेशे इस्को-०८ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दोन अंकी पातळीवर लावलेत, म्हणजे ४३ गट. वापरणाऱ्याने पेशा निवडायचा, महिना सरकवायचा, जिल्ह्यावर क्लिक करून पगार बघायचा. तीन ठिकाणी अडलंय.
१) पेशा कोणताही असो, तीच आठ-दहा मोठी शहरं गडद.
२) महिना सरकवला की रंग उड्या मारतात.
३) सीमांची जिओजेसन (नकाशाचे आकार साठवायचा प्रकार) फाइल ३८ एमबीची आहे, फोनवर नकाशा गोठतो.
जिल्हे सोडून षट्कोनी जाळी घ्यावी का?

छेद_आधी
पहिली अडचण रंगांची नाही, छेदाची आहे. तुम्ही नुसती संख्या रंगवताय, त्यामुळे नकाशा लोकसंख्येचा झालाय; पेशा बदलून फरक पडणार कसा? क्षेत्रघनी (जिल्हे रंगवलेल्या) नकाशात गुणोत्तर भरायचं असतं. संख्याच दाखवायची तर वर्तुळं काढा, आणि त्रिज्या वर्गमुळाने वाढवा: चौपट जाहिराती, दुप्पट त्रिज्या. त्रिज्याच चौपट केली तर क्षेत्रफळ सोळापट होतं आणि मोठं शहर शेजारचे जिल्हे गिळून टाकतं.

पेशासाठी लोकेशन कोशंट घ्या. जिल्ह्यातल्या जाहिरातींत त्या पेशाचा वाटा, भागिले सगळ्या प्रदेशातला त्याचा वाटा. जिल्ह्यात २,००० पैकी १२० जाहिराती आरोग्य व्यावसायिकांच्या असतील तर ६ टक्के. एकूणात ३ टक्के असतील तर कोशंट २. लेजंडचे (रंगसूचीचे) टप्पे ०.५, ०.८, १.२५ आणि २ ठेवा. हे टप्पे १ च्या दोन्ही बाजूंना गुणाकाराने सारखे पडतात, म्हणून ‘निम्मं’ आणि ‘दुप्पट’ यांना सारखाच गडदपणा मिळतो. मधला पट्टा फिकट राखाडी, टोकं निळी आणि नारिंगी. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळेपणात नेमकी तीच ओळखता येत नाही.

आता खरी खोच. ६०० जिल्हे × ३६ महिने × ४३ गट म्हणजे ९,२८,८०० खाने. जाहिराती १२ लाख. खान्यामागे सरासरी १.३! अर्धाअधिक नकाशा रिकामा आणि उरलेला योगायोगाचा. एक तर महिन्याऐवजी तिमाही आणि एक अंकी १० गट घ्या, खाने ७२,००० होतात आणि सरासरी १७ च्या आसपास जाते. नाहीतर ४३ गट ठेवून वेळ वर्षाची करा, ७७,४०० खाने. दोन्हीकडे बारीक विभागणी या डेटाला पेलणारी नाही.

तरीही छोटे जिल्हे फसवतातच. समजा, वर्षभरात ६ जाहिराती आणि त्यातल्या २ धातूकाम कारागिरांच्या. वाटा ३३ टक्के. एकूण वाटा ४ टक्के असेल तर कोशंट ८.३, म्हणजे नकाशावरचा सगळ्यात गडद जिल्हा, दोन जाहिरातींच्या जिवावर. उपाय सोपा: प्रत्येक जिल्ह्यात एकूण वाट्याच्या प्रमाणात ५० काल्पनिक जाहिराती मिसळा; इथे ४ टक्क्यांनी त्यातल्या २ धातूकामाच्या. (२ + २) ÷ (६ + ५०) = ७.१ टक्के, कोशंट १.८ वर येतो. वरच्या २,००० वाल्या जिल्ह्याचा २ चा १.९८ होतो, त्याला ढिम्म फरक पडत नाही. शिवाय जिल्ह्यातल्या एकूण जाहिराती ३० पेक्षा कमी असतील तर वर तिरप्या रेघा मारा. आणि ‘शून्य’ व ‘माहिती नाही’ यांना कधीही एकच रंग देऊ नका.

दुसरी अडचण: तुमची नकाशाची लायब्ररी दर महिन्याला टप्पे नव्याने काढत असणार, क्वांटाइल किंवा जेंक्सने (त्या त्या महिन्याच्या आकड्यांवरून गट पाडायच्या पद्धती). मग तोच आकडा एकदा फिका, एकदा गडद. सगळ्या काळाचा डेटा घेऊन टप्पे एकदाच ठरवा आणि गोठवा.

टाइलकरी
तिसऱ्याचं सांगतो. मॅपशेपर या टूलमध्ये सीमा सोप्या करा, ५ ते १० टक्के बिंदू ठेवून बघा. ‘कीप-शेप्स’ हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर चिमुकले जिल्हे आणि बेटं गायब होतात. प्रत्येक बहुभुज सुटा सुटा सोपा करू नका. शेजाऱ्यांची सामाईक सीमा दोन वेगळ्या रेषा होते आणि मधे पांढऱ्या फटी दिसतात. टोपोजेसन या फाइल-प्रकारात ती सीमा एकदाच साठते, म्हणून फाइलही लहान होते. मॅपलिब्रे ही नकाशाची लायब्ररी टोपोजेसन थेट वाचत नाही, ब्राउझरमध्ये ती परत जिओजेसन करून द्यावी लागते.

आकडे सीमांच्या फाइलमध्ये कोंबू नका. ७२,००० खाने, प्रत्येकी दोन बाइटांचा पूर्णांक, म्हणजे १४४ केबी, तेही कॉम्प्रेस करायच्या आधी. ही बायनरी फाइल एकदा उतरवा, कोशंट ब्राउझरमध्येच काढा आणि फीचर-स्टेटने (सीमा न बदलता प्रत्येक जिल्ह्याला जोडायची किंमत) रंग भरा. ६०० जिल्ह्यांना हे सरकपट्टीच्या वेगाने जमतं. दोन खाचखळगे आहेत. जिल्ह्याचा कोड अक्षरी असेल तर सोर्समध्ये ‘प्रमोट-आयडी’ (कुठला रकाना ओळख म्हणून धरायचा ते) द्यावा लागतो, नाहीतर कुठलीही एरर न येता रंग भरतच नाही. आणि फीचर-स्टेट फक्त पेंट (रंग, अपारदर्शकता) गुणधर्मांत चालते, फिल्टर किंवा लेबलच्या मजकुरात नाही. कमी जाहिरातींच्या तिरप्या रेघांसाठी म्हणून वेगळा थर सगळ्या जिल्ह्यांवर घाला आणि त्याची अपारदर्शकता फीचर-स्टेटने ० किंवा ०.५ करा.

जाळीप्रेमी
षट्कोनाच्या बाजूने एक मुद्दा: जिल्हे लहानमोठे असतात, विरळ वस्तीचा अवाढव्य जिल्हा उगाच डोळ्यात भरतो. समान आकाराच्या जाळीत तो प्रश्न सुटतो.

छेद_आधी
सुटतो, पण छेद जातो. बेरोजगारी, कामकरी लोकसंख्या, वेतन पाहणी हे मिळालं तर जिल्हावार मिळतं, षट्कोनावार नाही. शिवाय ज्या जाहिरातीत फक्त जिल्ह्याचं नाव असतं ती जिओकोडर (पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू काढणारं साधन) जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर टाकतो. मग एक षट्कोन काळाकुट्ट आणि भोवतालचे रिकामे! पत्त्याची अचूकता रस्त्यापर्यंत असेल तरच जाळीला हात लावा. जिल्ह्यांच्या आकाराचा त्रास होत असेल तर बाजूला क्रमवार पट्ट्यांचा आलेख द्या, पट्टीवर बोट ठेवलं की जिल्हा उजळला पाहिजे.

सारणीवाला
टप्पे गोठवले, उड्या थांबल्या. आता पगार. खान्यागणिक मीडियन (चढत्या क्रमातला मधला पगार) साठवलाय, पण दोन गट एकत्र निवडले की काय करायचं? आणि ‘कुठूनही काम’ लिहिलेल्या जाहिराती कुठे टाकायच्या?

पगारपत्रक
मीडियनची सरासरी घेता येत नाही, दोन मीडियनवरून एकत्रित मीडियन निघत नाही. प्रत्येक खान्यात पगाराचे १२ पट्टे ठेवा आणि प्रत्येक पट्ट्यात किती जाहिराती ते साठवा. पट्ट्यांची बेरीज करता येते आणि मीडियन त्यातून अंदाजे काढता येतो. फाइल १.७ एमबीच्या घरात जाईल, पण बरेचसे आकडे शून्य असल्याने छान दबते. पट्टे पाडण्याआधी मासिक, वार्षिक आणि ताशी पगार एका मापावर आणा. पगाराशेजारी ‘अमुक जाहिरातींवरून’ हा आकडा हवाच, कारण बऱ्याच जाहिरातींत पगार लिहिलेलाच नसतो.

‘कुठूनही काम’ नकाशावर टाकूच नका. नकाशाच्या कडेला वेगळी चौकट करा, जिल्ह्यासारखीच क्लिक होणारी. मुख्यालयाच्या पत्त्यावर टाकल्यात तर राजधानी फुगेल. एका जाहिरातीत पाच ठिकाणं असतील तर प्रत्येकी ०.२ वजन द्या. मग खान्यांत अपूर्णांक येतील, ते शंभराने गुणून चार बाइटांत साठवा. आणि हे सगळं करण्याआधी दुबार जाहिराती काढल्यात ना? तीच जागा तीन पोर्टलवर असते, चौथ्यांदा ‘ताजी’ म्हणून परत येते. मालक, पदनाम आणि जिल्हा सारखे, अंतर ३० दिवसांच्या आत, की मजकूर ताडून एकच धरा.

टाइलकरी
एक राहिलं. ३६ महिन्यांत जिल्ह्याचं विभाजन झालं असेल तर जुना जिल्हा अचानक घसरलेला दिसेल आणि नवा शून्यातून उगवलेला. संपूर्ण काळासाठी दोन्ही एकत्रच धरा. आणि फोनवर होव्हर (क्लिक न करता माउस वर नेणं) नसतो. पहिल्या टॅपला जिल्ह्याचं नाव व आकडा खालच्या पट्टीत आला पाहिजे, बोटाखाली नाही.