जुनी कार ऑनलाइन लिलावात विकताना : विदर्भातल्या गावांकडचे अनुभव

आजवर गावाकडे जुनी गाडी विकायची म्हणजे तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे शब्द टाकायचा किंवा नात्यागोत्यात विचारायचे, एवढेच मार्ग होते. आता नागपूर-अमरावतीचे व्यापारी मोबाईलवर बोली लावतात. पाहणी कशी होते, पैसे केव्हा मिळतात आणि आरसीवरचे (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे) आपले नाव कधी उतरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वणी, जि. यवतमाळ
पाहणीसाठी माणूस गावात येत नाही असे कळल्याने गाडी नागपूरला न्यावी लागली. तिथल्या मुलाने रंगाची जाडी मोजणारे यंत्र एकेका दारावर टेकवले आणि "काकाजी, हे मागचे दार पुन्हा रंगवलेले आहे" असे लगेच सांगितले. मडगार्डच्या आत वाळून बसलेली काळी माती खरवडून गंजसुद्धा पाहिला. लिलाव जेमतेम अर्धा तास चालला. बोली समाधानकारक होती, पण ताबा घेण्याच्या दिवशी आलेल्या प्रतिनिधीने टायर झिजल्याचे कारण पुढे करून रक्कम कमी करायला सांगितले. पाहणीचा अहवाल आणि टायरचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते. ते दाखवल्यावर मूळ बोलीचीच रक्कम खात्यात जमा झाली, आणि ती जमा होईपर्यंत मी किल्ली दिली नाही.

पांढरकवडा, जि. यवतमाळ
किमतीपेक्षा नाव उतरणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी कितीही हातांत फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार राहतो, असे स्पष्ट केले आहे. म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून देऊन भागत नाही. विक्रेत्याने राज्यातल्या व्यवहारात 14 दिवसांच्या आत आणि राज्याबाहेरच्या व्यवहारात 45 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. माझी गाडी आदिलाबादच्या माणसाने घेतली, त्यामुळे एमएच 29 च्या, म्हणजे यवतमाळच्या आरटीओ कार्यालयातून फॉर्म 28 चे ना-हरकत प्रमाणपत्रही काढावे लागले. 1 एप्रिल 2023 पासून एक चांगली सोय झाली आहे : अधिकृत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला गाडी दिली आणि फॉर्म 29सी पोर्टलवर भरला गेला, की पुढच्या विक्रीपर्यंत तोच मालक समजला जातो. आपला व्यापारी असा अधिकृत आहे का, हे बोली मान्य करण्याआधी विचारावे, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

मूर्तिजापूर, जि. अकोला
पतसंस्थेचे कर्ज केव्हाच फिटले होते, तरी आरसीवर बोजा तसाच होता. फॉर्म 35 आणि पतसंस्थेचे पत्र देऊन तो उतरवल्यावरच गाडी लिलावात घेतली गेली.

मेहकर, जि. बुलढाणा
आमच्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी संपत आली होती. नूतनीकरण 5 वर्षांसाठी होते, पण तो खर्च व्यापारी आपल्या बोलीतून वजा करतात, त्यामुळे बोली खूपच कमी आली. ती नाकारून गाडी गावातल्याच शेतकरी भावाला दिली. त्याने तोंडी ठरलेली रक्कम मला एकरकमी दिली. फास्टॅग बंद करायला मात्र विसरू नये, आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे) पत्र मागून घ्यावे, कारण तो बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाकडेच राहतो आणि पुढच्या गाडीच्या विम्याला उपयोगी पडतो.