अठरा माणसांच्या कंपनीतून लाखभर माणसांच्या कंपनीत जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सात वर्षं एका अठरा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आता एका अवाढव्य कंपनीची ऑफर आलीय. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय आणि डोकं चालेनासं झालंय.

पगार, विमा, रजा यांबद्दल विचारत नाही, ते तिकडे चांगलंच आहे. इकडे दोनदा पगार महिनाभर लांबला, कारण एका ग्राहकाने बिल अडकवलं होतं. मालक स्वतः येऊन सांगून गेले तेव्हा रागापेक्षा त्यांची दयाच आली. त्यामुळे स्थैर्याचा मुद्दा मला पटतो. पण २०२३च्या जानेवारीत गूगलने सुमारे १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. कंपनी टिकली म्हणजे आपणही टिकू असं नाही.

खरा घोळ कामाचा आहे. इथे सकाळी ग्राहकाचा फोन आला की संध्याकाळपर्यंत दुरुस्ती लाइव्ह होते. तिकडे मुलाखतीत मी विचारलं, एवढंसं काम करायला किती वेळ लागतो? समोरचा हसला. म्हणाला, तीन मंजुऱ्या आणि पुढची रिलीज. त्याच क्षणी नको म्हणणार होते. पण मग तो त्यांच्या सिस्टिमवरच्या लोडबद्दल बोलायला लागला आणि मी गप्प झाले. आमच्याकडे डेटा इतका थोडा की गचाळ क्वेरीसुद्धा (डेटाबेसकडे माहिती मागणारी सूचना) पळते. सात वर्षांत माझं एकही चुकीचं डिझाइन उघडं पडलेलं नाही. मी चांगली आहे की नुसती सुरक्षित जागी बसलेय, हेच मला माहीत नाही.

दुसरी धास्ती बेल कर्व्हची, म्हणजे कर्मचाऱ्यांना कामगिरीनुसार ठरलेल्या टक्केवारीत बसवण्याची. जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी रुळवलेली वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के ही पद्धत. मायक्रोसॉफ्टने तसली क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली म्हणे. इतर ठिकाणी ती वेगळ्या नावाने चालूच असते का? आणि चार-पाच वर्षांनी परत छोट्या कंपनीत यायचं म्हटलं तर येता येतं का?

प्रतिसाद १

चौदा वर्षं मोठ्या कंपन्यांत काढलीत. लाख माणसांचा विचार सोडा, तुमचा रोजचा संबंध दहा-बारा जणांशीच येणार. सही करण्याआधी होणाऱ्या मॅनेजरशी अर्धा तास बोला. गेल्या दोन वर्षांत टीमचे मॅनेजर किती बदलले, हे नक्की विचारा. माझे तीन वर्षांत चार बदलले. प्रमोशनची चर्चा बंद खोलीत होते, तिथे तुमची बाजू मॅनेजर मांडतो. तोच नवा असेल तर मांडणार काय? तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी केलेलं काम लिहून ठेवतो. क्रमवारीचं म्हणाल तर नाव काहीही असो, बजेट ठरलेलं असलं की कुणाला तरी खाली ढकललं जातंच.

आणि ऑफरमध्ये शेअर असतील तर ते पगारात धरू नका. बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात, बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही.

प्रतिसाद २

मी दीड वर्षात परत आलो, त्यामुळे येता येतं! मंजुऱ्यांचा त्रास नाही झाला. आमचा प्रोजेक्टच एका सकाळी बंद झाला आणि का, ते आमच्या मॅनेजरलाही माहीत नव्हतं. तरी कोड रिव्ह्यूची, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याची, शिस्त तिथेच लागली, ती आज इथे वापरतो. एक राहिलंच: तुम्ही घरी स्वतःचं काही बनवत असाल तर करारातलं बौद्धिक संपदेचं कलम नीट वाचा. फावल्या वेळातल्या कामावरही हक्क सांगणारे करार असतात.

धागाकर्ती

कलम वाचलं. आहे. आधी मला ते दिसलंच नव्हतं! स्पष्टीकरण मागितलंय. मॅनेजरशी बोलायचंय असं कळवलं तर एचआरने "सहसा असं करत नाही" म्हणत सोमवारची वेळ दिली. मॅनेजर बदलण्याचा प्रश्न पहिला विचारते. अजून काय विचारू?