मोजून पाहिलं तेव्हा : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

साताऱ्यात मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो, तिथं आमच्या मंडळींत रोज एकच वाद निघतो. विज्ञान मोठं की देव मोठा? हल्ली त्यात एआयचीही भर पडली आहे. वाद मिटत नाही, कारण जो तो मत सांगतो. घडलेलं कुणी सांगत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. १९८९ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. देवाधर्माला त्यांचा विरोध नव्हता. देवाच्या नावावर माणसाला लुबाडण्याला होता. हा फरक मी वर्गात सांगत आलो आणि आजही मला तोच महत्त्वाचा वाटतो.

म्हणून हा धागा. श्रद्धेची एखादी गोष्ट असो की एखादं यंत्र, तुम्ही स्वतः तपासून पाहिलंत असा प्रसंग लिहा. यंत्रालाही सूट नको. माणसांची नावं टाळा.

पहिला प्रसंग माझाच. आमच्या भागात गणपतीच्या मिरवणुकीत डीजे नको, ढोल-ताशा आणा, असं मी चार वर्षं मंडळांना सांगत होतो. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्या वर्षी मी ओळखीच्या एका इंजिनिअरकडून आवाज मोजायचं मीटर आणलं आणि मिरवणुकीत उभा राहिलो. डीजेच्या भिंतीसमोर आकडा ११० च्या वर गेला. पोरं म्हणाली, "सर, आता ढोलापुढं पण उभं राहा." उभा राहिलो. तिथंही शंभरी ओलांडली होती. छातीत धडधडणारा डीजेचा दणका ढोलाला नसतो हे खरं, पण कानाला दोन्ही घातकच. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की ढोलाबद्दल माझं म्हणणं चुकलं होतं. या वर्षी दोन मंडळांनी ढोलांची संख्या निम्म्यावर आणली. एकानं तर फक्त टाळ-मृदंग ठेवला.

आता तुम्ही लिहा.

तासगाव तालुक्यातून, द्राक्षबागायतदार

सर, यंत्र तपासायचं म्हणालात म्हणून लिहितो.

आमची तीन एकर बाग. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पुढचे दोन महिने दावण्या या बुरशीच्या रोगाच्या धास्तीत जातात. पान किती वेळ ओलं राहिलं यावर सगळा खेळ असतो. पान ओलं आणि हवा दमट असली की दावण्या एका रात्रीत बसतो आणि घड हातचे जातात. मी कर्ज काढून बागेत हवामान केंद्र बसवलं. तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा, सगळं मोबाईलवर येतं. आण्णांना, म्हणजे वडिलांना, ते पटलेलं नव्हतं. त्यांचा हिशोब नक्षत्रांवर. छाटणीआधी ग्रामदैवताला कौल लावल्याशिवाय ते कात्रीला हात लावत नाहीत.

दोन वर्षांमागं, ऑक्टोबरमध्ये, ॲपवर सलग चार दिवस 'धोका कमी' येत होतं. मी फवारणी थांबवली. एका फवारणीचा खर्च किती असतो ते बागायतदारालाच ठाऊक. आण्णा रोज पहाटे बागेत जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "ओढ्याकडच्या ओळीत दहा वाजेपातूर पान वाळत न्हाई. औषध मार." मी त्यांना मोबाईल दाखवायचो. पाचव्या दिवशी ओढ्याकडच्या पानांवर तेलकट डाग दिसले.

मग मी शांतपणे विचार केला. सेन्सर मी रस्त्याकडच्या बांधाला बसवला होता. बॅटरी बदलायला सोपं म्हणून. तिथं उन्हं सातलाच येतात. ओढ्याकडं करंजाच्या झाडांची सावली, तिथं दव उशिरापर्यंत टिकतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते जिथं उभं होतं तिथलं खरं सांगत होतं. आण्णांचा हात तीन एकर फिरत होता.

आता सेन्सर ओढ्याकडं आहे. महिनाभर मी वहीत दोन रकाने ठेवले, एक ॲपचा, एक आण्णांच्या हाताचा. जिथं दोघांत फरक पडला तिथं मी स्वतः जाऊन बघितलं. कौल मात्र या वहीत घेतला नाही. आण्णांना ते लागलं. पण कौलानं छाटणीची तारीख पुढं गेली तर माल बाजारात कधी येणार, भाव काय मिळणार, सगळं बदलतं. हप्ता भरायचा असतो तो मला. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

शिराळ्याहून

आमच्या बत्तीस शिराळ्याबद्दल बाहेरची माणसं दोनच गोष्टी बोलतात, एक तर थोर परंपरा, नाहीतर अडाणीपणा. मला दोन्ही खटकतात.

लहानपणी मी नागपंचमीला जिवंत नागाची पूजा पाहिली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि कोर्टाच्या आदेशांनी ती बंद झाली, आणि ते बरोबर झालं असं माझं मत आहे. साप दूध पचवू शकत नाही. चार दिवस तहानलेला ठेवला तर तो समोर येईल ते पितो, आणि लोक त्याला प्रसन्न झाला म्हणतात. हे मी माझ्या आजीला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. पुढच्या पंचमीला तिनं मातीचा नाग पुजला आणि वाटीतलं दूध शेजारच्या बाळंतिणीला दिलं.

पण दुसरी बाजूही लिहायलाच पाहिजे. आमच्या गावात साप दिसला तर काठी कुणी उचलत नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांतला फरक इथं शाळकरी पोराला कळतो. दवाखान्यात मिळणारं प्रतिविष याच चार सापांवर चालतं, म्हणून ही ओळख जीव वाचवणारी आहे. ती आम्हाला कुठल्या पुस्तकानं दिली नाही, पंचमीनं दिली. २०२५ मध्ये शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायची परवानगी केंद्रानं दिली, तेव्हा गावात आनंद झाला. मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. शिक्षणासाठी म्हणून दिलेली परवानगी शिक्षणापुरतीच राहते का, हे दर वर्षी कुणीतरी बघत राहिलं पाहिजे.

मिरज तालुक्यातून, परिचारिका

मला फार लिहिता येत नाही. तरी हे लिहिते.

मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याजवळ १९ भ्रूण सापडले. आमच्या तालुक्यातलं गाव. त्या आठवड्यात मी ड्युटीवर होते आणि जेवण जात नव्हतं.

पण मला आमच्या घरातलं सांगायचं आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंना दोन मुली. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी देवीला नवस बोलला, मुलगा होऊ दे, साडी-चोळी आणि चांदीचा पाळणा वाहीन. त्याच आठवड्यात घरातल्या पुरुषांनी सोनोग्राफी कुठं होते त्याची चौकशी सुरू केली. गर्भलिंग तपासायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी वाट दाखवणारा भेटतोच. मी तेव्हा नवी सून होते. रात्री स्वयंपाकघरात सासूबाईंना विचारलं, "आत्या, देवीवर भरवसा आहे ना? मग मशीन कशाला?" त्या गप्प राहिल्या. मग मी वहीत काढून दाखवलं की मुलगा-मुलगी बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, बाईच्या हातात काही नसतं. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मला चार पोरींवरनं जे बोलले, ते उगीचच?"

सोनोग्राफीला कुणी गेलं नाही. जाऊबाईंना तिसरी मुलगीच झाली. नवस फिटला नाही म्हणून चांदी आली नाही, पण साडी-चोळी घेऊन सासूबाई देवीला गेल्याच. सोबत बाळाला घेऊन गेल्या.

लोक म्हणतात धर्मानं मुली मारल्या. मला तसं वाटत नाही. मारायचं ठरलेलंच होतं, मशीननं ते सोपं केलं. आणि ती मशीन चालवणारे शिकलेले होते.

पाटणहून

थोडक्यात लिहितो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी ९ वर्षांचा होतो. आमच्या वाडीत म्हातारी माणसं म्हणायची, देवळं शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बुडवली म्हणून देवी कोपली. नातीनं भूगर्भशास्त्र घेतलं. ती सांगते की धरणातल्या पाण्याचा दाब खडकांच्या भेगांमध्ये खोलवर पोचतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, म्हणून तर कोयना परिसरात जमिनीत खोल भोकं पाडून अभ्यास चालतो. मी तिला म्हटलं, म्हातारी माणसं कारण चुकली, पण पाण्यावर बोट ठेवायला चुकली नाहीत.

सांगली, गावभाग

आमच्या गल्लीत जुनी समजूत होती की कृष्णामाई देवाच्या पायरीला लागली की ओसरते. माझ्या सासऱ्यांचा तिच्यावर पूर्ण विश्वास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीच्या वर गेलं तेव्हा आम्ही निघूया म्हणत होतो. ते म्हणाले, पायरीला लागू दे, मग बघू. पाणी पायरीला लागलं आणि पुढंही चढत राहिलं. शेवटी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्हाला तिसऱ्या दिवशी होडीतून काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती. त्यामुळे होडीत बसताना मुलांचा हात सोडवत नव्हता.

सासरे नंतर कधी त्यावर बोलले नाहीत. पूर ओसरल्यावर त्यांनी स्वतः ब्रश घेऊन दाराच्या चौकटीवर पाण्याची खूण केली आणि खाली तारीख घातली. २०२१ ला पाऊस वाढला तेव्हा दर तासाला पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग विचारणारे तेच. ४० फूट झाले तशी पिशवी त्यांनीच भरली. पिशवीत देवघरातला बाळकृष्ण पहिला होता.

कडेगाव तालुक्यातून

आमच्या शेजारचं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. आमच्या गावानं तेच करून पाहिलं. दोन महिने टिकलं. वडगावात माणसं घरोघर फिरून सांगत होती, आम्ही फक्त भोंगा बसवला.

कराडजवळून, बी. ए. च्या वर्गातली मुलगी

आमच्या गल्लीत दर एकादशीला भजन असतं. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळते. पेटीवाले काका म्हणाले, पावसावर तुकोबांचा एखादा अभंग शोध. मी गाथा उघडायच्या ऐवजी एआयला विचारलं. त्यानं क्षणात दिला. मेघ, माती, पांडुरंग, शेवटी 'तुका म्हणे'. मला फार आवडला. ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो बाहेरच्या तीन ग्रुपवर गेलेला दिसला. लोक खाली हात जोडत होते.

एकादशीला काकांनी चाल लावली. दुसऱ्या कडव्याला विणेकरी आबा थांबले. आबा चौथीपर्यंत शिकलेले, वय ८० च्या पुढं. त्यांनी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजली. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. यात कुठं आठ होती, कुठं पाच. ते म्हणाले, "बाळ, अक्षरं एखादं इकडंतिकडं तुकोबांचं पण होतं. पण हे शब्द त्यांच्या तोंडचे न्हाईत. कुठं गावला?"

मी खरं सांगितलं. वाटलं रागावतील. त्यांनी घरून गाथा आणायला लावली. साडेचार हजारांवर अभंग. आम्ही चौघी मुली आठवडाभर सूची लावून बसलो. तो अभंग गाथेत नव्हता. मी तिन्ही ग्रुपवर लिहून कळवलं की हा तुकोबांचा नाही, मशीननं रचलेला आहे, चूक माझी. एका ग्रुपवरून मला काढून टाकलं. दुसऱ्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, भाव चांगला आहे ना, मग कुणाचा का असेना.

यावर मी फार विचार केला. मला नाही पटत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, असं आपण मानतो. ज्या शब्दांसाठी माणसांनी एवढं सोसलं, पाठ करून जपलं, त्यात कुणीही काहीही घालावं आणि खाली 'तुका म्हणे' लिहावं? आबांची दृष्टी आता मंदावली आहे. त्यांना मीच मोबाईलवर ज्ञानेश्वरी लावून देते, कानाला लावून ऐकतात. त्यांना मोबाईलचा राग नाही. अभंग कुठून आला हे मात्र ते आता प्रत्येक वेळी विचारतात, आणि मला ते विचारणं आवडायला लागलं आहे.

वाईहून

वरच्या ताईंना विनंती. माझ्या आजीची एक वही आहे, जात्यावरच्या ओव्या आणि काही अभंग हातानं उतरवलेले. शाई फिकट झाली आहे. त्यातले दोन 'नामा म्हणे' आहेत, ते मला कुठल्याच छापील पुस्तकात सापडले नाहीत. आजी तर मोबाईल येण्याआधीच गेली. आबा मोजून, ऐकून बघतील का? मी येत्या एकादशीला वही घेऊन कराडला येऊ शकते.