मदत हवी आहे : 'सोवचस्सता' या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

पाली जातकसंग्रहातील, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या, ५४७ कथांपैकी हितोपदेश ऐकण्याशी संबंधित प्राणिकथांवर मी एक टिपण लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे.

खरादिय जातकात (क्र. १५) मृगिणी आपल्या मुलाला मृगांचे डावपेच शिकण्यासाठी मामाकडे, म्हणजे बोधिसत्त्वाकडे (त्या जन्मीच्या बुद्धाकडे), सोपवते, पण तो ठरलेल्या वेळी सात दिवस फिरकतच नाही आणि पुढे फासात सापडून मरतो. लगेच पुढच्या तिपल्लत्थमिग जातकात असाच एक भाचा सगळे मन लावून शिकतो, फासात अडकल्यावर मेल्याचे सोंग घेतो आणि पारध्याने दोर सोडताच निसटतो. पहिली कथा एका हेकट भिक्षूसंबंधी, तर दुसरी बुद्धाचा पुत्र राहुल याच्यासंबंधी सांगितलेली आहे. काठी तोंडात धरून उडणाऱ्या कासवाची कथा सर्वपरिचित आहे. मला मात्र या दोन मृगकथांची जोडी अधिक बोलकी वाटते.

मंगलसुत्त या पाली सूत्रात 'खन्ती च सोवचस्सता' (क्षमाशीलता आणि सोवचस्सता) असे येते. या सोवचस्सतेला 'आज्ञाधारकपणा' म्हणावे, तर त्यात निमूट मान डोलावण्याची छटा येते; 'ज्याला चार शब्द सांगता येतात' हा मूळ भाव हरवतो. याहून नेमका मराठी शब्द कोणी सुचवू शकेल का?

दुसरे असे, की पहिल्या कथेतील मामा अशा भाच्याला शिकवण्यास साफ नकार देतो. हा नकार करुणेशी कसा जुळवावा? पालीच्या जाणकारांनी, शक्य असल्यास अट्ठकथेच्या (पाली भाष्याच्या) आधारे, कृपया मार्गदर्शन करावे.