घर दाखवणाऱ्याने वस्तीबद्दल किती बोलावे? : अनुभव धागा

घर पाहायला गेल्यावर आपण एजंटला क्षेत्रफळ, दर, वाहनतळ आणि कर्जाची कागदपत्रे यांविषयी तासभर विचारतो, आणि निघताना जिन्यात थांबून, आवाज थोडा खाली आणून, मनातला प्रश्न विचारतो : "बाकी वस्ती कशी आहे?" या प्रश्नाला एजंटने उत्तर द्यावे का, आणि द्यायचे तर कोणते, याविषयी आपापले अनुभव लिहावेत म्हणून हा धागा. एजंटांनीही लिहावे, अशी आग्रहाची विनंती आहे. कोणत्याही व्यक्तीचे, कंपनीचे किंवा सोसायटीचे नाव कृपया घालू नये.

सुरुवात माझ्यापासून करते. 2018 साली आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या बाजूला, पुनर्विक्रीची सदनिका घेतली. आमचा एजंट भलताच बोलका होता. दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, समोरच्यांची मुलगी जर्मनीत असते, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, असे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सगळी आपल्यासारखीच माणसं आहेत काकू, तुम्हाला परकं वाटणार नाही." ते खरेच निघाले. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी आमच्या वाहनतळात शिरले, तेव्हा त्याच माणसांनी एकमेकांच्या दुचाक्या अंधारात ओढून वर काढल्या आणि तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट उचलून जिन्याने वर नेले. मात्र शेजाऱ्यांची आडनावे पाठ असलेल्या त्या एजंटने 2018 मध्ये नदीचा उल्लेख एकदाही केला नव्हता. पूररेषा दोन असतात, निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मला वाहनतळातला चिखल उपसताना एका शेजाऱ्याकडून कळले. आम्हीही विचारले नव्हते, हे कबूल करायला हवे. "माणसे कशी आहेत" एवढेच विचारले आणि तेवढ्याचेच उत्तर मिळाले.

वाघोली, पुणे

माझा अनुभव धागाकर्तीच्या नेमका उलट आहे. वाघोली 2021 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा आता नळाला पाणी येणारच असे सगळेच छातीठोकपणे सांगत होते. आमच्या एजंटने मात्र सदनिका दाखवण्याआधी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा हिशेब हातात ठेवला आणि टँकरच्या खर्चाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हप्त्यात हे धरा, मग परवडतंय का ते बघा." त्या दिवशी व्यवहार झाला नाही. चार महिन्यांनी आम्ही त्याच्याचकडून दुसरी सदनिका घेतली. शेजारी कोण आहेत, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हाला विचारावेसेही वाटले नाही, कारण पाण्याचा आकडा पाहिल्यावर बाकीचे प्रश्न आपोआप मागे पडले होते.

डोंबिवली (एजंट)

मी तेवीस वर्षे हा व्यवसाय करतो. वरचे दोन्ही अनुभव वाचून एवढेच सांगतो की आम्ही दोन्ही प्रकारचे असतो, आणि पुष्कळदा एकच माणूस सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा असतो. दलाली दोन्ही बाजूंनी मिळते आणि व्यवहार झाला तरच मिळते. त्यामुळे वस्तीविषयी वाईट बोलण्याचा प्रत्येक शब्द आमच्या खिशातून जातो. औद्योगिक वसाहतीच्या बाजूची सदनिका मी अनेक वर्षे सकाळी अकरा वाजताच दाखवत आलो, कारण उग्र दर्प बहुतेक वेळा रात्री येतो. 2016 आणि 2024 मध्ये इथे रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, काचा लांबपर्यंत फुटल्या, आणि तरीही "कंपनीपासून किती अंतर?" असे विचारणारे गिऱ्हाईक मला क्वचितच भेटते.

"सोसायटीत क्राउड कसा आहे?" हे मात्र प्रत्येक जण विचारतो. कोणी "कॉस्मो आहे का?" म्हणतो, म्हणजे सर्व जातिधर्मांची माणसे आहेत का, आणि त्याला ती नको असतात म्हणून विचारतो, कोणी "मिक्स आहे का?" म्हणतो आणि त्याचाही अर्थ तोच असतो. घरमालकांच्या अटी आमच्या वहीत लिहिलेल्याच असतात : शाकाहारीच हवेत, कुटुंबच हवे, बॅचलर नकोत. काही अटी वहीत लिहीत नाहीत, त्या लक्षात ठेवायच्या असतात.

कायद्याचे विचाराल तर 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 10 नुसार आम्हाला खोटी माहिती देऊन फसवता येत नाही, आणि ज्या माहितीवर व कागदपत्रांवर खरेदीदाराचा हक्क आहे ती मिळवून देण्यास मदत करावी लागते. महाराष्ट्रात तर आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते, मी पन्नाशीत दिली. पण हे सगळे नोंदणी झालेल्या प्रकल्पांपुरते आहे; तीस वर्षांच्या जुन्या इमारतीतली सदनिका विकताना वासाविषयी, पाण्याविषयी, माणसांविषयी काय बोलायचे, ते ज्याच्या त्याच्या मनावर राहते.

मुंबई (शिक्षिका)

डोंबिवलीच्या दादांनी "काही अटी लक्षात ठेवायच्या असतात" असे लिहिले आहे. मी त्या न लिहिलेल्या अटींपैकी एक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि मी मराठीच शिकवते. 2019 साली पूर्व उपनगरात शाळेजवळ घर शोधत होतो. फोनवर माझे बोलणे ऐकून एजंटने मला ताई म्हटले, माहेर कुठले ते विचारले, "कोकणातल्या म्हणजे आपल्याच" असे म्हणून शनिवारी तीन सदनिका दाखवायचे ठरवले. वेळ पक्की करायला मी निरोप पाठवला आणि खाली पूर्ण नाव लिहिले. शनिवारी सकाळी फोन आला की पहिली सदनिका विकली गेली, दुसऱ्या घरमालकाचा विचार बदलला आणि तिसरी मिळेल, पण : "ताई, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, तिथे तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. मी तुम्हाला तुमच्या लोकांत चांगली जागा दाखवतो."

तो माणूस उद्धट नव्हता, आणि हेच सांगायचे आहे. त्याच्या आवाजात खरोखर काळजी होती. मला सरळ नकार मिळाला असता तर मी भांडले असते, पण हितासाठी दिलेल्या सल्ल्याशी भांडायचे कसे? माझ्या यजमानांनी ओळखीच्या वकिलांना विचारले. त्यांनी 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, ज्यात अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरला होता. आमच्या प्रकरणात तर कोणत्या संस्थेने नकारही दिला नव्हता. नकार एजंटच्या फोनवरच संपला होता, कागदावर काहीच नव्हते.

आम्ही शेवटी मीरा रोडला घर घेतले. शाळेला जायला दीड तास लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सर्वत्र फिरला, तेव्हा आमच्या शिक्षकदालनात सगळे संतापले होते. "आपल्याच शहरात आपल्याला जागा नाही?" असे एक सहकारी मला विचारत होत्या. मी त्यांना 2019 ची गोष्ट तेव्हा सांगितली नाही, इथे प्रथमच लिहिते आहे.

धागाकर्ती

ताई, तुमचा अनुभव वाचून मी माझा पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. "सगळी आपल्यासारखीच माणसं आहेत" हे वाक्य मी कौतुकाने लिहिले होते. त्या इमारतीत सगळी आपल्यासारखीच का होती, याचा विचार मी सहा वर्षांत केला नव्हता. वाक्य काढत नाही, राहू दे.

एडिसन, न्यू जर्सी (एजंट)

अकरा वर्षे इथे परवानाधारक एजंट आहे आणि माझी बरीच गिऱ्हाइके महाराष्ट्रातून आलेली असतात. नव्या जोडप्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपली माणसं कुठे राहतात?" आणि त्याला माझे उत्तरही ठरलेले असते : "हे मी सांगू शकत नाही." त्यांना ते फार लागते. एका काकांनी तर मला "मराठी असून एवढी मदत करत नाहीस?" असे ऐकवले होते.

कारण असे आहे. मार्टिन लूथर किंग यांची हत्या 4 एप्रिल 1968 रोजी झाली आणि त्यानंतर आठवडाभरात, 11 एप्रिलला, फेअर हाउसिंग ॲक्टवर स्वाक्षरी झाली. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारणे तर त्याने बेकायदा ठरवलेच, पण गिऱ्हाइकाला त्या कारणाने एका वस्तीकडे वळवणे किंवा दुसरीपासून दूर नेणे, ज्याला इथे स्टीअरिंग म्हणतात, तेही त्यात आले. पुढे 1974 मध्ये लिंग आणि 1988 मध्ये अपंगत्व व लहान मुले असलेले कुटुंब यांची भर पडली. त्यामुळे "ही वस्ती लहान मुलांच्या कुटुंबांसाठी छान आहे" हे वरवर निरुपद्रवी वाक्यसुद्धा मी जाहिरातीत लिहीत नाही. मुंबईच्या ताईंना जो फोन आला, तसा मी केला तर माझा परवाना जाऊ शकतो.

कायदा आहे म्हणून सगळे पाळतात, असा गैरसमज नको. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर न्यूजडे या वृत्तपत्राने छुपे कॅमेरे देऊन, घर शोधत असल्याचे भासवणाऱ्या वेगवेगळ्या वंशांच्या परीक्षकांच्या जोड्या 93 एजंटांकडे पाठवल्या आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले : कृष्णवर्णीय परीक्षकांना 49 टक्के, हिस्पॅनिकांना 39 टक्के आणि आशियाईंना 19 टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाल्याचे पुरावे दिसले. आम्हा आशियाई एजंटांच्या बैठकीत त्या 19 वर फारसे कोणी बोलले नाही, 49 वर मात्र सगळे हळहळले.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच वाटेने जातो. "सेफ आहे का?" असे विचारणाऱ्याला मी पोलिसांच्या प्रसिद्ध आकड्यांची वाट दाखवते आणि गप्प बसते, कारण "सेफ" या शब्दात कोणाच्या मनात काय दडले आहे ते सांगता येत नाही. रेडफिन या मोठ्या घरविक्री कंपनीने तर 2021 च्या अखेरीस जाहीर केले की गुन्ह्यांचे आकडे आपण संकेतस्थळावर दाखवणारच नाही.

पण धागाकर्तीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत हाहाकार उडाला. त्यानंतर झालेल्या कायद्यानुसार मार्च 2024 पासून विक्रेत्याला पुराच्या धोक्याची आणि पूर्वी पाणी शिरल्याची माहिती लेखी द्यावी लागते. म्हणजे वस्तीतल्या माणसांविषयी मला बोलता येत नाही आणि पाण्याविषयी विक्रेत्याला गप्प राहता येत नाही. ते काका पुढच्या वर्षी दिवाळीला फराळ घेऊन आले होते, हेही नोंदवते.

नाशिक

माझी आई चाकाच्या खुर्चीवर असते. आम्ही भेटलो त्या एजंटबाईंनी वस्तीचे वर्णन केलेच नाही, उलट आम्हालाच विचारत राहिल्या : आईंना दिवसातून किती वेळा बाहेर न्यावे लागते, फिजिओथेरपिस्ट घरी येतात का, वीज गेल्यावर लिफ्टला जनित्र नसेल तर चालेल का, त्यांना देवळात जायला आवडते की बागेत बसायला. मग बरोबर टेप घेऊन आल्या आणि लिफ्टच्या दाराची रुंदी मोजली. एक सदनिका आम्हाला फार आवडली होती, पण तिच्यासमोरच्या रस्त्याला पदपथच नव्हता. त्यांनी खुर्चीच्या मागे उभे राहून, स्वतः ढकलत, आम्हाला फाटकापासून कोपऱ्यापर्यंत नेले आणि मग काही न बोलता परत आणले. आम्ही ती सदनिका सोडली. एजंटने सल्ला देऊच नये, असे म्हणणाऱ्यांशी म्हणून मला सहमत होता येत नाही. त्या बाईंचा सल्ला आमच्या गरजांवरून निघाला होता, आमच्या आडनावावरून नव्हे.

कोल्हापूर

थोडक्यात लिहितो. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत पंचगंगेचे पाणी ज्या भिंतीला लागले, तिच्यावर नवा रंग मारून आम्हाला घर दाखवले गेले. समोरच्या पानवाल्याने खुणेने कंबरेपर्यंत हात दाखवला, म्हणून वाचलो. तेव्हापासून मी घर पाहायला गेलो की एजंटच्या आधी पानवाल्याशी बोलतो.

डोंबिवली (एजंट)

मुंबईच्या ताईंचे वाचल्यावर दोन दिवस काही लिहिले नाही. तो फोन माझा नव्हता, पण तसे फोन मी केलेले आहेत, आणि "तुमच्याच भल्यासाठी" हेच शब्द वापरून केलेले आहेत.

या रविवारी एक तरुण जोडपे आले होते. मी त्यांना सदनिका रात्री साडेनऊला दाखवली, खिडकी उघडून पाच मिनिटे उभे केले. पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, थकीत देखभाल, सगळे सांगितले. त्यांना पसंत पडली. मग जिन्यात मुलाने विचारले, "काका, क्राउड कसा आहे?" मी म्हणालो, ते मी सांगत नाही, सोसायटीत कोणालाही भेटा आणि विचारा. त्याला वाटले मी काहीतरी लपवतो आहे. मंगळवारी त्यांनी तीच सदनिका दुसऱ्या एजंटकडून घेतली. माझी दलाली गेली, आणि घरात बायको अजून बोलते आहे.