गावातली गेमची कंपनी सीडीवरून इंटरनेटवर न्यायची आहे, नाव बदलावं का?

आर्वीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहून राह्यलो, पण पूर्ण वाचा, घरात यावरून रोज चर्चा होऊन राह्यली आणि मले खरंच सल्ला पाहिजे.

माझे काका २००४ पासून लेकरांसाठी मराठी गेमच्या सीड्या काढतात. टायपिंगच्या क्लासमागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, काका आणि एक चित्रं काढणारा दादा, एवढीच कंपनी. बाराखडी, पाढे, आणि सगळ्यात जास्त चाललेला तान्हा पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा गेम, त्यात लाकडी नंदी सजवायचा, घरोघरी न्यायचा आणि जमलेल्या बोजाऱ्याचा, म्हणजे लेकरांले मिळालेल्या पैशांचा हिशोब करायचा, म्हणजे बेरीज वजाबाकी आपोआप होते. पुढं दुसऱ्यांचे गेमही त्यांनी छापले, पुलगावच्या एका सरांचा जिल्ह्यांच्या नकाशाचा आणि एका पोट्ट्याचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. ६० रुपयांची सीडी, आर्वी, पुलगाव, वर्धा, अमरावतीच्या पुस्तकांच्या दुकानात आणि शाळांत जायची.

आता लॅपटॉपमधून सीडीची खाचच गेली. दुकानदार म्हणते भाऊ घेऊन जा उरलेला माल. म्हणून प्ले स्टोअरवर आणि स्वतःच्या वेबसाईटवर जायचं ठरलं. तर शहरातल्या एका ब्रँडिंगवाल्यानं काकाले सांगतलं का तुमचं नाव गावठी वाटते, इंटरनेटवर चालणार नाही, इंग्रजी नाव घ्या, त्यात 'ग्लोबल' नाहीतर 'डिजिटल' पाहिजे, आणि नाव, लोगो, वेबसाईट मिळून ८५ हजार. आमचं नाव माझ्या पणजीच्या नावावरून आहे, पुढं फक्त सॉफ्टवेअर. इथं नाही टाकत, पण त्यात ळ आहे. काका दोन रात्री झोपले नाहीत. काय करावं सांगा.

दर्यापूरहून_पुण्यात
भाऊ, मी गेम कंपनीत आठ वर्षं काम करतोय, गाव आपलं दर्यापूर, त्यामुळे तुझी पोस्ट वाचून बरं वाटलं.

नाव बदलणं वाईट नसतं, पण नाव बदललं की धंदा बदलतो असं समजू नका. ॲक्टिव्हिजनचंच घे, १९७९ ची अमेरिकेतली गेमची कंपनी, १९८८ मध्ये त्यांना वाटलं की आपण गेमपुरते राहायचं नाही, ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअरही विकायचं, म्हणून कंपनीचं नाव मीडियाजेनिक केलं. चार वर्षांत दिवाळखोरीपर्यंत गेले, आणि नवीन मालकांनी १९९२ मध्ये जुनं नाव परत लावलं. आता उलट उदाहरण. एपिक गेम्स १९९१ मध्ये पोटोमॅक कॉम्प्युटर सिस्टिम्स होती, टिम स्वीनी नावाचा एक मुलगा आईवडिलांच्या घरून चालवायचा, मग त्यानं मोठी कंपनी वाटावी म्हणून एपिक मेगागेम्स केलं आणि १९९९ मध्ये खरंच मोठी झाल्यावर मधलं मेगा काढून टाकलं. त्याचं चाललं कारण जुन्या नावावरून गेम बनवतात हे कळतच नव्हतं, आणि मुख्य म्हणजे गेम चांगले होते, पहिला भाग फुकट वाटायचा आणि पुढचे भाग पैसे पाठवून मागवायचे, ही पद्धत त्या काळात फार चालली.

त्यामुळे तुमच्यासाठी खरा प्रश्न एकच, तुमचं नाव ऐकून माणूस ते टाईप करू शकतो का? ळ ची अडचण इथं आहे. इंग्रजीत कोणी एल लिहील, कोणी डबल एल, आणि आपल्याकडं तर ळ चा य होतो, डोळ्याले डोया म्हणतात, पोळ्याले पोया, म्हणजे कोणी वाय लिहील. फोनवर बोलून शोधणारा तर तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. गावठी वगैरे काही नाही, अडचण स्पेलिंगची आहे, आणि त्यासाठी ८५ हजार लागत नाहीत. एक स्पेलिंग पक्कं करा, बाकी दोन-तीन स्पेलिंगचे डॉट इन डोमेनही, म्हणजे वेबसाईटचे पत्ते, घेऊन ठेवा आणि सगळे एकाच साईटवर वळवा. देवनागरीतला डॉट भारत २०१४ पासून मिळतो, त्यात ळ जसाच्या तसा लिहिता येतो.

तेल्हाऱ्याच्या_बाई
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ती पोळ्याची सीडी आमच्या शाळेत होती!! नाव नाही सांगितलं तरी मी ओळखलं, बोजारा मोजायचा गेम दुसरा कोणताच नाही. तिसरीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नव्हती, ती त्या गेमसमोर मोठ्यानं बेरीज करायची, ते मी विसरू शकत नाही.

भाऊ, तुमच्या काकांना माझं सांगा, नाव बदलू नका. कारण सांगते. आमच्या गावात पालकांसमोर 'ऑनलाईन गेम' म्हटलं ना की त्यांच्या डोळ्यासमोर रमी येते. पीककर्जाचे पैसे एका रात्रीत फोनवर उडवलेले लोक आम्ही पाहिलेत, बायका रडत शाळेत येऊन सांगतात की लेकराच्या हातात फोन देऊ का नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली, पण मनातली भीती लगेच नाही जात. आणि त्या ॲपची नावं पहा, सगळी चकचकीत इंग्रजी. तुम्हीही तसंच नाव घेतलं तर पालक तुम्हाला त्यांच्याच रांगेत बसवतील. पणजीच्या नावाचा गेम कोणी जुगार समजणार नाही. नावाच्या खाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, पैसे लागत नाहीत, जाहिरात नाही, एकदा उतरवला की नेट नसलं तरी चालते. हे शेवटचं तर लिहाच, आमच्याकडं पावसाळ्यात रेंज दोन दोन दिवस नसते.

वणीचा_कोडवाला
बाईंच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. आता मी कामाचं सांगतो कारण नावाच्या नादात हे राहून जाईल.

पहिलं, नकाशावाले सर आणि शंकरपटवाला पोट्टा यांच्यासंगं कागद काय झाला होता? सीडी विकायचा हक्क दिला असन तर तेवढ्यावर इंटरनेटवर टाकता येईलच असं नाही, दोघांकडून नवीन लेखी परवानगी घ्या आणि त्यांचा वाटा ठरवा. हे लोगोच्या आधी करा.

दुसरं, गेम फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवले असतील तर ब्राउझरमध्ये ३१ डिसेंबर २०२० लाच फ्लॅश संपलं. सीडीवरचे चालतात कारण प्लेअर त्याच फाईलीत बांधलेला असते, फोनवर तो चालत नाही. एफएलए, म्हणजे फ्लॅशच्या मूळ फाईली शोधा, त्या असल्या तर चित्रं आणि आवाज तरी वाचन. अक्षरं जुन्या फॉन्टमधली असन तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारखी दिसणाऱ्या अक्षरांत करावी लागन, नाहीतर फोनवर नुसता कचरा दिसते. नव्यानं बांधायचं तर गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण चौथ्या आवृत्तीच्या खालची घेऊ नका, जुन्यात मराठी जोडाक्षरं तुटतात, मी स्वतः 'पोळ्या'तला ळ्या तुटलेला पाहून आठवडाभर डोकं फोडलं.

तिसरं, प्ले स्टोअरचं खातं २५ डॉलर, एकदाच. वैयक्तिक खातं नवीन काढलं तर आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. प्रकाशकाचं जे नाव दिसते ते पुढं बदलता येते, पण ॲपचा आतला पॅकेजचा आयडी एकदा टाकला का कायमचा, त्यात 'ग्लोबल' वगैरे घुसवलं तर जन्मभर तेच राहीन. आणि ब्रँडिंगवाल्याले पैसे देण्याऐवजी ट्रेडमार्क करा, छोट्या धंद्याले एका वर्गाची ऑनलाईन फी ४५०० रुपये, सॉफ्टवेअरचा ९ वा वर्ग आणि करमणूक-शिक्षणाचा ४१ वा.

आर्वीचा_पोट्टा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर काकाले सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंच्या वर्गातल्या मुलीचं आलं तवा काका उठून अंगणात गेले, बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, नाव राहू दे.

पण ते स्पेलिंगचं मी घरातच करून पाहिलं, आई, दादा, शेजारचा कृषी केंद्रवाला आणि माझी बहीण, चौघांले म्हटलं आपलं नाव इंग्रजीत लिहा. तीन वेगवेगळे आले आणि बहिणीनं खरंच वाय लिहिला. तर एल एकदाच असलेलं पक्कं केलं. 'सॉफ्टवेअर' काढून तिथं 'खेळ' ठेवतो आहे, काकाचं म्हणणं आता सॉफ्टवेअर म्हटलं का लोकांले पगाराचं बिलाचं वाटते. म्हणजे अर्धं नाव बदललंच म्हणा.

एफएलए फाईली सापडल्या, पोळ्याची आहे, पाढ्यांची सीडी खराब झाली, ती नव्यानं करू. पुलगावच्या सरांकडं रविवारी जाणार आहो. शंकरपटवाला पोट्टा आता पोलीस भरतीच्या तयारीत आहे, त्याले फोन केला तर म्हणे पैसे नको, माझं नाव पडद्यावर दिसू द्या. वाटा तरी कागदावर लिहूनच देणार.

आता १२ माणसं पाहिजे, मोठी माणसं, अँड्रॉइड फोनवाली, १४ दिवस गेम ठेवणारी. घरचे धरून सात झाले.

तेल्हाऱ्याच्या_बाई
माझा आणि आमच्या शाळेतल्या तिघी बाईंचा नंबर धरा, अकरा झाले.

वणीचा_कोडवाला
बारावा मी. ईमेल इथं उघड्यावर टाकू नका कोणी, पोट्ट्याले मेसेजमध्ये पाठवा.